शिक्षणाधिकारी साहेब, आमच्या पोरांनी रस्ता मोजला आहे

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद,
आणि ज्यांच्या टेबलावरून आमच्या शाळेची फाईल पुढं जाणार आहे ते सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष. माझी मुलगी चौथीत शिकते. आमचं साडेचार एकर वावर आहे, त्यात कापूस आणि तूर. गावाचं आणि पोरांचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र चारचौघांत वाचलं जाणार आहे आणि लेकरांच्या नावाची चर्चा व्हावी असं मला वाटत नाही. आमची शाळा दुसऱ्या शाळेत मिसळू नका असा नावासकट, सह्यांसकट दिलेला अर्ज तुमच्या आवक रजिस्टरला आहे. तो देऊन पाच आठवडे झाले. दोनदा विचारायला आले, दोन्ही वेळा "साहेब दौऱ्यावर आहेत" एवढंच कळलं. म्हणून आता उघड लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात केंद्रावरून एक कागद आला. पटसंख्या १७, म्हणजे वीसच्या आत, सबब पुढच्या सत्रापासून ही शाळा नजीकच्या शाळेत समायोजित करण्याचं, म्हणजे मिसळून टाकण्याचं, प्रस्तावित आहे. अंतर २.८ किलोमीटर. सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. तो आधीच छापून आला होता, "समितीची हरकत नाही" असं लिहून. सहीची जागा तेवढी रिकामी ठेवली होती. मी सही केली नाही. समितीतल्या कोणीच केली नाही.

सतरा हा आकडा खरा आहे, त्यावर माझा वाद नाही. पण या सतरा पोरांनी जूनपासून काय केलं हे त्या कागदात कुठंच नाही, आणि कोणी येऊन पाहिलंही नाही. ते आधी सांगते.

शाळेत दोन खोल्या आहेत. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी मॅडमकडे. मॅडमच्या खोलीत नऊ पोरं बसतात. विदर्भात उन्हामुळं शाळा उशिरा भरते, जूनच्या अखेरीस. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी सरळ अंगाची एक मोठी बाटली कापली, वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवला, तळाला गिट्टी घातली, गिट्टी बुडेल एवढं पाणी ओतून तिथं शून्याची रेघ मारली आणि बाजूनं पट्टी चिकटवली. झालं पर्जन्यमापक. ते शाळेच्या मागं, झाडापासून लांब, उघड्यावर ठेवलं. रोज परिपाठ झाला की दोन पोरं जाऊन आकडा वाचतात, वहीत लिहितात आणि पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणून ठेवतात. पाळ्या लागलेल्या आहेत. माझ्या मुलीची पाळी रविवारी आली तर ती रविवारीही जायची. जुलैत एका दिवशी वहीत ८४ मिलिमीटर लिहिलं गेलं. चोवीस तासांत ६५ च्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात, हे आमच्या चौथीच्या पोरांना पाठ आहे. पंचनाम्याच्या वेळी गावातली मोठी माणसं त्यांची वही मागायला शाळेत आली होती. महसूल मंडळाच्या ठिकाणचं पाऊस मोजायचं यंत्र आमच्यापासून सोळा किलोमीटरवर आहे, आणि पाऊस तर दोन वावरांतही सारखा पडत नाही.

त्या वहीत एक रकाना पोरांनी आपल्या मनानं वाढवला: "रपटा", म्हणजे नाला ओलांडायचा ठेंगणा रस्ता, पूर आला की पाण्याखाली जाणारा. नाल्याकाठी घर असलेला तिसरीतला पोरगा रोज सकाळी येऊन सांगायचा, रपटा उघडा की बुडाला. या रकान्याकडं पुढं परत यायचं आहे.

ऑगस्टमध्ये कृषी सहायक आले आणि शाळेला लागून असलेल्या कपाशीत दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे सापळे, लावून गेले, गुलाबी बोंडअळीच्या पतंगांसाठी. मोजायचं काम पोरांनी मागून घेतलं. रोज सकाळी पिशवी पाहायची, पतंग मोजायचे, पाच-पाचच्या जुड्या करून खुणा मारायच्या, शनिवारी स्तंभालेख काढायचा. एका सापळ्यात एका रात्रीत आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले आणि असं लागोपाठ तीन दिवस झालं तर सावध व्हायचं, हे कृषी सहायकांनी सांगून ठेवलं होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आकडे आले ९, ११, १२. तिसऱ्या दिवशी पोरं शाळा सुटल्यावर थेट ग्रामपंचायतीत गेली आणि बाहेरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून आली: "पतंग वाढले. डोमकळ्या पाहा."

डोमकळी म्हणजे अळी शिरल्यानं न उमलता मिटून राहिलेलं कपाशीचं फूल. मी पाहिल्या. मुलगी सोबत होती. तिनं शंभर फुलं मोजली, त्यात बारा डोमकळ्या निघाल्या. "शंभरात बारा म्हंजे बारा टक्के, माय. दहाच्या वर गेलं," असं म्हणाली. टक्केवारी चौथीच्या पुस्तकात नाही. तिला ती आमच्या पऱ्हाटीनं शिकवली. डोमकळ्या तोडून नष्ट केल्या, कृषी सहायकांना विचारून वेळेत फवारणी केली. गेल्या साली याच वावरात किडकं बोंड हातात आल्यावर आम्हाला अळी कळली होती.

नोव्हेंबरात पहिला वेचा घरी आला तेव्हा प्रत्येकानं ओंजळभर कापूस शाळेत न्यायचा होता. खिचडीचं सामान मोजायच्या काट्यावर तो एकत्र तोलला, बरोबर ३०० ग्रॅम घेतला आणि सगळ्यांनी मिळून हातानं सरकी वेगळी केली. दोन तास लागले. मग दोन ढीग पुन्हा तोलले. रुई १०१ ग्रॅम, सरकी १९४, बाकी कचरा. फळ्यावर तीन चौकटी काढल्या, एक रंगवली. एक तृतीयांश म्हणजे काय ते त्या दिवशी नऊच्या नऊ पोरांना समजलं, कारण बोटांना अजून तंतू चिकटलेले होते. संध्याकाळी मुलगी चुलीजवळ येऊन म्हणाली, "माय, आपन तं कापूस कमी अन् सरकीच जास्त इकतो!" मी वयाच्या दहाव्या वर्षापासून कापूस वेचते. एवढ्या वर्षांत मला कधी हा हिशोब कोणी मांडून दाखवला नव्हता, आणि मीही कोणाला विचारला नव्हता.

मॅडमनी पालकसभेत सांगितलं की ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. तिथं गांधीजींनी हेच मांडलं होतं की मुलांनी हातानं काम करत, आपल्या भाषेतून शिकावं, आणि त्यातून पुढं नयी तालीम उभी राहिली. वर्धा आमच्यापासून काही परदेशात नाही. जे शिक्षण या मातीत मांडलं गेलं ते इथल्याच एका दोन खोल्यांच्या शाळेत नऊ पोरं करत असतील, तर खात्यानं ते येऊन पाहावं असं मला मनापासून वाटतं.

भाषेचं सांगायचं राहिलं. आमच्या सतरा पोरांपैकी पाच कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, आहेत. त्यांच्या घरी कोलामी बोलतात. बाकीच्यांच्या घरी वऱ्हाडी. पुस्तकात तिसरीच मराठी. मॅडमनी एक जाड वही केली आहे, तिला पोरं "शब्दांची वही" म्हणतात. तीन रकाने: घरचा शब्द, पुस्तकातला शब्द, कोलामी शब्द. आम्ही सांबार म्हणतो, पुस्तक कोथिंबीर म्हणतं. आम्ही भेद्र म्हणतो, पुस्तक टोमॅटो म्हणतं. गंज आणि पातेलं, वावर आणि शेत. कोलामी रकाना भरायचं काम पोडावरच्या पोरांकडं आहे, आणि बाकीची त्यांना विचारून विचारून लिहून घेतात. त्यातला एक पोरगा जूनमध्ये तोंड उघडत नव्हता. सरांनी हाक मारली तरी खाली पाहायचा. आता तो वर्गाला शब्द सांगतो, चुकीचा उच्चार केला की दुरुस्त करतो, आणि स्वतः सांगितलेले शब्द स्वतः वाचून दाखवता दाखवता वाचायला शिकला. शब्दांची वही परवा मोजली तेव्हा २१२ शब्द झाले होते. भुलाबाईच्या दिवसांत पोरींनी आज्यांकडून गाणी लिहून आणली, तीही त्याच वहीत मागच्या बाजूला आहेत. माझ्या सासूनं चार सांगितली. आपलं गाणं शाळेच्या वहीत गेलं याचं तिला केवढं कौतुक वाटलं.

तान्ह्या पोळ्याला पोरांनी मातीचे बैल केले, परसबागेतली वांगी-पालक तोलून खिचडीत घातली, वगैरे बरंच आहे. सगळं लिहीत बसत नाही.

आता रस्ता.

कागदात अंतर २.८ किलोमीटर वाचलं तेव्हा समितीतल्या एका बापानं बैठकीतच म्हटलं, हे काही खरं वाटत नाही. पोरांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न आला, "मॅडम, रस्ता मोजता येते का?" मॅडमनी सांगितलं, सायकलनं येतो. सायकलच्या चाकाला एका जागी लाल चिंधी बांधली. दोरी गुंडाळून घेर मोजला: २ मीटर ८ सेंटिमीटर. एका शनिवारी शाळा सुटल्यावर नऊ पोरं, मॅडम आणि आम्ही पाच पालक आमच्या शाळेच्या फाटकापासून निघालो. सायकल हातानं ढकलत न्यायची, चिंधी खाली आली की एक फेरा. शंभर फेरे झाले की डब्यात एक चिंचोका. दोघं मोजणारे, दोघं तपासणारे. रपटा ओलांडला, टेकाड चढलो, त्या गावच्या शाळेच्या फाटकाला चाक टेकवलं. डब्यात १९ चिंचोके आणि वर ७० फेरे.

सोमवारी फळ्यावर हिशोब झाला. १,९७० गुणिले २ मीटर म्हणजे ३,९४० मीटर. १,९७० गुणिले ८ सेंटिमीटर म्हणजे १५,७६० सेंटिमीटर, म्हणजे १५७ मीटर ६० सेंटिमीटर. बेरीज ४,०९७ मीटर ६० सेंटिमीटर. चार किलोमीटर आणि वर जवळजवळ शंभर मीटर. पोरांनी विचारलं की साहेबांच्या कागदावर २.८ कसं आलं. मॅडम म्हणाल्या, कदाचित नकाशावर सरळ रेघ धरली असेल. तेव्हा पोडावरच्या त्याच पोरानं विचारलं, "पन आमी तं उडत नाई जाऊ ना?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, म्हणून तो तुमच्यापर्यंत पोचवते. त्याचं घर शाळेच्या दुसऱ्या अंगाला, अजून दीड किलोमीटर आत आहे. म्हणजे एका बाजूनं साडेपाच किलोमीटरच्या वर. तो दुसरीत आहे.

आणि तो रपट्याचा रकाना. २६ जून ते १० ऑक्टोबर या काळात रपटा १३ दिवस बुडाला होता. त्यातले ९ दिवस शाळेचे होते. दोन वेळा सकाळी उघडा होता आणि दुपारी बुडाला. म्हणजे पोरं सकाळी गेली असती आणि संध्याकाळी पलीकडं अडकली असती. हे मी अंदाजानं सांगत नाही, रोजच्या रोज तारखेसह लिहिलेलं आहे, आणि लिहिणारी पोरं आठ-नऊ वर्षांची असली तरी त्यांनी एकही दिवस सोडलेला नाही.

हा नाला मला नवा नाही. मी सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा त्या पलीकडच्या गावात होती. आठवीच्या पावसाळ्यात एकदा रपट्यावर पाण्यात पाय घसरला, वहीची पिशवी गेली, मी एका माणसाच्या हाताला धरून कशीबशी बाहेर आले. बापानं दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद केली. त्याला मी दोष देत नाही, त्याला एकच पोरगी होती. लग्न झाल्यावर, पदरात पोरगी असताना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, नंतर बारावी. म्हणून मला माहीत आहे की समायोजनाच्या कागदावर सतराच्या सतरा पोरं या शाळेतून त्या शाळेत जातील, पण प्रत्यक्षात तेवढी पोचणार नाहीत. पहिल्या पावसाळ्यात पोडावरची पाच घरी राहतील. वेचणीच्या दिवसांत माय-बाप सकाळी सातला वावरात जातात, तेव्हा लहान्याला सांभाळायला दोन-चार पोरी घरी राहतील. आज त्याच पोरी लहान भावाला सोबत घेऊन शाळेत येतात, तो अंगणवाडीत बसतो, अंगणवाडी शाळेला लागून आहे.

मोठ्या शाळेची बाजूही मला कळते. तिथं संगणक आहे, मैदान मोठं आहे, सोबतीला जास्त पोरं आहेत. आमच्याकडं खो-खोचे दोन संघ करायचे तर अठरा लागतात आणि आमची पोरं सतरा, त्यात पहिलीची लहान, म्हणून मॅडम उतरतात. एका खोलीत दोन वर्ग चालवणं सोपं नाही हेही मॅडमच्या तोंडावर दिसतं. माझी मुलगी पुढच्या वर्षी पाचवीला त्याच मोठ्या शाळेत जाईल. मी तिला सायकल घेतली आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला नाला पाहून मागं फिरायचं कळतं. सहा वर्षांच्या लेकराला कळत नाही. माझं म्हणणं पहिली ते चौथीच्या पोरांबद्दल आहे, आणि माझं लेकरू त्यात आता उरणार नाही हेही इथं सांगून टाकते, म्हणजे हिच्या घरचा स्वार्थ म्हणून बोलते असं कोणाला वाटायला नको.

आता तक्रारी सांगते. राग असला तरी शब्द जपून वापरते आहे.

मुलांचा मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे. आमची शाळा आज त्या नियमात बसते. तुम्ही ती चार किलोमीटरवर नेऊ पाहता. तुमचा २.८ चा आकडा बरोबर धरला तरी तो एकच्या वर आहे.

त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. शाळेच्या विकासाचा आराखडा या समितीनं करायचा असतो. आम्ही तो केला आहे, त्यात शौचालयाची दुरुस्ती, कुंपण आणि वाचनालयाची पुस्तकं मागितली आहेत. त्या आराखड्याला पोच मिळाली नाही, आणि शाळा उठवायचा ठराव मात्र छापून आला. बैठक आम्ही घ्यायची, बोलायचं आम्ही, आणि त्यातून ठराव निघायचा. आधी छापलेल्या कागदाला मी ठराव मानत नाही.

पट कमी का झाला हे कोणी विचारलं नाही. मी सांगते. गावात जन्म कमी झाले हे एक. दुसरं, तीन वर्षांमागं एक जागा रिकामी झाली आणि वर्षभर एकच शिक्षक होते. त्या वर्षी सात घरांनी पोरं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला घातली. व्हॅन सकाळी साडेसातला नेते, संध्याकाळी पाचला आणते. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत असं कायद्याच्या अनुसूचीतच आहे. एक वर्ष ते पाळलं गेलं नाही आणि सात पोरं गेली. ती सातही इथं असती तर आज पट २२ असता आणि हा कागदच आला नसता. मॅडम आल्यावर त्यातली दोन परत आली आहेत, ती सतरांत धरलेली आहेत.

सरांबद्दलही लिहायला हवं. ते चांगले शिकवतात, पण शिकवायला मिळालं तर. मतदारयाद्यांचं काम, केंद्रावरच्या बैठका, ऑनलाईन माहिती, तीच माहिती पुन्हा दुसऱ्या नमुन्यात, खिचडीचे फोटो. शाळेच्या हालचाल रजिस्टरात पाहिलं तर जूनपासून ते २३ दिवस बाहेरच्या कामावर होते. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसरी कामं देऊ नयेत असं कलम २७ सांगतं. निवडणुकीचं मी समजू शकते. बाकीच्याचं नाही. त्या २३ दिवसांत मॅडमनी चारही वर्ग एका खोलीत सांभाळले.

आणि एक शेवटची तक्रार, जी मला सगळ्यात जास्त लागली. कागदात आमच्या शाळेचं वर्णन एका ओळीत आहे: "कमी पटाची शाळा." एखाद्या शाळेबद्दल एवढंच लिहिण्याजोगं असतं का? कलम २९ मध्ये लिहिलं आहे की मुलांनी कृतीतून, शोधातून शिकावं, आणि शक्य तिथवर मातृभाषेतून शिकावं. यातलं सगळं आमच्या नऊ पोरांच्या वह्यांत आहे. ते पाहायला शाळेत यावं लागतं. यावर्षी आमच्या शाळेला जी भेट झाली ती पंचवीस मिनिटांची होती, त्यात रजिस्टरं तपासली गेली. पोरांनी शब्दांची वही पुढं केली होती, ती उघडली गेली नाही.

हा प्रश्न फक्त आमच्या गावाचा असता तर मी उघड पत्र लिहिलं नसतं. २०२३ च्या सप्टेंबरात राज्यभरातून समूह शाळांचे, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले तेव्हा वर्तमानपत्रांत आकडे आले होते: वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३ आणि त्यात शिकणारी मुलं १,८५,४६७. भागाकार केला तर दर शाळेमागं बारा-तेरा मुलं. म्हणजे आमच्यासारख्याच, पोडांवरच्या, तांड्यांवरच्या, नाल्याच्या अलीकडच्या शाळा. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं निवेदन दिलं, त्यात वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी होती. त्यासाठी शाळा गावापर्यंत यायला पुढं किती पिढ्या गेल्या. आमच्या गावात ती माझ्या आजेसासऱ्यांच्या काळात आली, आधी मारुतीच्या पारावर भरायची. गावानं जागा दिली, भिंतींची माती लोकांनी वाहिली. ती आता एका रकान्यातल्या आकड्यामुळं उठवू नका.

आमच्या मागण्या या आहेत.

आमच्या शाळेच्या समायोजनाचा प्रस्ताव मागं घ्यावा आणि तसं समितीला लेखी कळवावं. तोंडी आश्वासन नको.

अंतर पुन्हा मोजावं, पायवाटेनं, आमच्यासमोर. पोरांचा आकडा चुकला असेल तर ती तो खोडून दुरुस्त करतील. तुमचा चुकला असेल तर तुमच्या कागदावर दुरुस्त व्हावा, आणि ज्या ज्या गावांचं अंतर असंच मोजलं आहे त्या सगळ्यांचं पुन्हा मोजावं. प्रत्येक ठिकाणी वाटेत नाला, ओढा, जंगल काय आहे आणि पावसाळ्यात किती दिवस बंद असतं हेही लिहावं.

दोन्ही शिक्षक याच शाळेवर कायम ठेवावेत. सत्राच्या मध्येच कोणाला प्रतिनियुक्तीवर हलवू नये. कलम २७ च्या बाहेरची कामं सरांना देणं बंद करावं.

मोठ्या शाळेतल्या सोयींचा फायदा आमच्या पोरांना द्यायचाच असेल तर महिन्यातून एक शनिवार गाडी पाठवा, पोरं तिथं जातील, संगणक पाहतील, खो-खो खेळतील. त्यांची पोरं एखादा शनिवार इकडं येतील, त्यांना सापळे मोजायला शिकवू. त्याला समितीची आनंदानं संमती आहे, तो ठराव आम्ही स्वतः लिहून देऊ.

पाचवीपासून पुढं जाणाऱ्या पोरींसाठी रपट्याच्या जागी पूल व्हावा. हे काम तुमच्या विभागाचं नाही हे मला ठाऊक आहे. पण बांधकाम विभागाला तुम्ही पत्र दिलं, सोबत पोरांच्या वहीची प्रत जोडली, तर त्याला वजन येईल.

आणि एक दिवस शाळेत या. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आहे. त्या दिवशी तिसरी-चौथीची पोरं पावसाची वही, पतंगांचे आलेख, शब्दांची वही आणि रस्त्याचा नकाशा वऱ्हांड्यात मांडणार आहेत. नकाशावर चिंचोके चिकटवले आहेत, शंभर फेऱ्यांना एक. कोणी काय समजावून सांगायचं तेही ठरलं आहे. रस्ता सांगायचं काम दुसरीतल्या त्या पोराला मिळालं आहे, त्यानं ते स्वतः मागून घेतलं. परिपाठ साडेदहाला असतो. गाडी पलीकडच्या गावच्या शाळेजवळ ठेवून तिथून पायी यावं अशी विनंती आहे, आमच्यातली दोन माणसं तिथं दहाच्या आधीच उभी असतील. सध्या रपटा कोरडा आहे.

आपली,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
(चौथीतल्या एका मुलीची आई)